घरापुढची पडवी आणि संमिश्र साहित्य
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत एका बाजूला आंब्याच्या मोहोराचे संरक्षण, दुसऱ्या बाजूला काजू कलमांची छाटणी आणि मध्येच पडवी, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. शेतीच्या मेळाव्यात घरबांधणी कशासाठी? परंतु आपल्या कोकणात पडवी हा घराचा जितका भाग आहे तितकाच शेताचाही आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या तेथेच भरल्या जातात. काजू बी, सोललेली सुपारी, आमसुले यांना अवकाळी पाऊस आला की पहिला आसरा पडवीचाच. पाऊस सुरू झाला की युरियाची पोती, फवारणीचा पंप, नांगर, इरली सगळे तेथे येते. आणि गौरी-गणपतीत भजनाला तीस-चाळीस माणसे त्याच जागेत बसतात. तेव्हा पडवीवर केलेला खर्च हा हौसेचा खर्च समजू नये. एका हंगामाचा आंबा विकून आलेला पैसा त्यात जातो. तो चुकीच्या पत्र्यावर गेला तर पुढच्या हंगामापर्यंत दुरुस्ती होत नाही, आणि मधला पाऊस कोणासाठी थांबत नाही.

गेल्या काही वर्षांत पडवीसाठी बाजारात जे नवीन साहित्य आले आहे त्याला एकत्रितपणे संमिश्र साहित्य म्हणतात. फायबरचे पत्रे, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची फळी, फायबर सिमेंटचा पत्रा, फेरोसिमेंट, बांबूच्या चटईचा पत्रा हे सगळे त्यातच येतात. दुकानदार सांगतो, "भाऊ, वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही, आयुष्यभर बघायला नको." यातले काही खरे आहे, काही अर्धे खरे आहे. कोणते किती खरे, एवढेच आज सांगणार आहे.

संमिश्र म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमातीचा गिलावा करतात, मातीत भाताचे काड किंवा तूस मिसळतात, हे संमिश्र साहित्यच होय. नुसती माती वाळली की भेगाळते. नुसते काड उभे राहत नाही. दोन्ही एकत्र आली की काडाचे धागे भेग पसरू देत नाहीत आणि माती काडाला जागेवर धरून ठेवते. एक धरणारा आणि एक ताण घेणारा, असे हे जोडपे आहे. नवीन साहित्यात मातीच्या जागी सिमेंट, राळ किंवा प्लॅस्टिक आले आणि काडाच्या जागी काचेचे धागे, लोखंडी जाळी, लाकडाचा भुसा किंवा बांबू आला. म्हणून कोणताही नमुना समोर आला की दोन प्रश्न विचारावेत. यात धरणारे काय आहे आणि ताण घेणारे काय आहे? उत्तर मिळाले की ऊन, पाणी, आग आणि वजन यांपैकी त्याला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचा बराचसा अंदाज येतो.

वाऱ्याचा हिशेब

सुरुवात छपरापासून करतो, कारण पडवी जाते ती प्रथम छपरावरून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत घरांची किती छपरे गेली हे आपणांस माहीत आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी मूळ घराचे छप्पर टिकून पडवीचे तेवढे उडते, यामागे कारण आहे.

पडवी तीन बाजूंनी उघडी आणि मागे घराची भिंत. समोरून आलेला वारा भिंतीवर आपटतो आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. तो पत्र्याला खालून वर ढकलतो. त्याच वेळी पत्र्यावरून जाणारा वारा त्याला वरून ओढतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५ ते ७० किलो वजनाइतका असतो. आपली पडवी १० फूट बाय २० फूट धरली तर तिचे क्षेत्र सुमारे साडेअठरा चौरस मीटर होते. म्हणजे बारा-साडेबारा क्विंटलचा जोर छप्पर वर उचलत आहे, आणि उघड्या पडवीत तो याहून जास्तही होऊ शकतो.

आता छपराचे वजन पाहा. मंगलोरी कौलांचे छप्पर रीपांसह दर चौरस मीटरला ४० ते ५० किलोच्या घरात जाते. शिवाय कौलांच्या फटींतून वारा थोडाफार निघून जातो. सहा मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास, लोखंडी पत्रा चार-पाच किलो आणि फायबरचा पत्रा दोन-तीन किलो. हलका पत्रा म्हणून वाहतूक स्वस्त, वासे बारीक चालतात, दोन माणसांत काम होते, हे सर्व फायदे खरे आहेत. परंतु कौल स्वतःच्या वजनावर बसत होते, फायबर स्वतःच्या वजनावर बसत नाही. त्याला बांधावे लागते. जितका पत्रा हलका तितका बांधण्याचा खर्च जास्त धरावा, आणि हाच खर्च आपल्याकडे सर्वांत आधी वाचवला जातो.

बांधणी कशी करावी? नुसता पत्रा वाशाला घट्ट असून भागत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला अशी साखळी असते. यातली एक कडी कच्ची राहिली की तेथून छप्पर सुटते. निसर्ग वादळानंतर अनेक ठिकाणी पत्रे वाशांसकट शेजारच्या बागेत पडलेले दिसले. तेथे पत्र्याचे स्क्रू शाबूत होते, वासाच भिंतीतून निघाला होता. म्हणून वासा आणि तुळई यांच्या जोडावर नुसता खिळा न ठोकता लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळावी. खांब नुसता तळखड्यावर ठेवू नये. काँक्रीटच्या पायात पुरलेल्या लोखंडी पट्टीला तो बोल्टने जोडावा. खांबाचे टोक मात्र जमिनीपासून दोन-तीन बोटे उचललेलेच असावे. लाकूड कुजते ते तेथूनच, आणि तळखड्याची जुनी पद्धत त्याच कारणासाठी होती.

पत्र्याचा स्क्रू किंवा हूक नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर बसवावा, खोलगट भागात नाही. खोलगट भागातून पाणी वाहते आणि तेथील भोक म्हणजे गळतीला आमंत्रण. उंचवट्यावर स्क्रू आवळताना पत्रा चेपेल इतका आवळू नये. फायबरच्या आणि सिमेंटच्या पत्र्याला भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे पाडावे आणि त्यावर रुंद रबरी वॉशर द्यावा. वळचणीकडील रांगेत आणि दोन्ही कडांना स्क्रूंची संख्या दुप्पट करावी, कारण वारा प्रथम कड पकडतो. वळचण एक फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये. झड येते म्हणून पुष्कळ जण ती दोन फूट काढतात. झड अडवायला दुसरा उपाय आहे, तो पुढे सांगतो.

छपराला उतार तीन फुटांना एक फूट तरी असावा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा घाटावरच्या शेडचा उतार येथे चालत नाही.

कोणता पत्रा?

फायबरचा पत्रा म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर राळ. आपले मच्छीमार बांधव ज्या फायबरच्या होड्या वापरतात त्या याच जातीच्या. खाऱ्या हवेत तो गंजत नाही. खताच्या पोत्यांच्या संगतीत लोखंडी पत्रा लवकर सडतो, फायबरला तसे होत नाही. त्यातून उजेड येतो, हा पडवीसाठी मोठा गुण आहे. दोष उन्हाचा. उन्हाने वरची राळ हळूहळू झिजते, पत्रा पिवळा पडतो, काचेचे धागे उघडे पडतात आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर शेवाळ व धूळ बसते. हात फिरवला की कुसळे टोचल्यासारखे वाटते, ती कुसळे म्हणजे काच. असा पत्रा कोरडा घासू नये, नाकातोंडाला फडके बांधून ओला करून पुसावा. विकत घेताना उन्हापासून संरक्षणाचा थर आहे का आणि तो कोणत्या बाजूला आहे हे विचारून घ्यावे. ती बाजू वरच आली पाहिजे. गवंड्याने पत्रा उलटा लावला तर संरक्षणाचा थर खाली आणि राळ उन्हात, अशी स्थिती होते. पूर्ण पडवी फायबरची करू नये असे माझे मत आहे. चार-पाच पत्र्यांमागे एक फायबरचा ठेवला तर उजेडही मिळतो आणि दुपारी पडवी तापतही नाही.

सिमेंटच्या पत्र्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आपण ज्याला सर्रास सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात सिमेंटला धरून ठेवणारे धागे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉस हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून नोंदवला आहे. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे हे पत्रे अजून विकले जातात. पत्रा अखंड असून जागेवर बसलेला आहे तोवर धोका कमी असतो. धोका त्याच्या धुळीत आहे. पत्रा कापताना, भोक पाडताना, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना ती धूळ उडते आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते. तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात, म्हणून आज कोणाला त्रास होत नाही हा युक्तिवाद चालणार नाही. पडवीत लहान मुले खेळतात, धान्य वाळत असते. नवीन पडवी करणाऱ्यांनी ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा मागावा. त्यात कागदाच्या लगद्याचे किंवा कृत्रिम धागे असतात आणि तो आता मिळू लागला आहे. तोही कापताना पाणी शिंपडूनच कापावा, कारण सिमेंट आणि वाळूची बारीक धूळही फुप्फुसाला चांगली नाही.

आणखी एक गोष्ट. सिमेंटच्या किंवा फायबरच्या पत्र्यावर पाय देऊन चढू नये. दरवर्षी मृगापूर्वी माणसे छपरावरचा पाचोळा काढायला चढतात. जुना पत्रा वरून घट्ट दिसतो आणि पाय पडला की काच फुटावी तसा फुटतो. खाली फरशी असते. वासे दिसत असतील त्या रेषेवर दोन रुंद फळ्या आडव्या टाकाव्यात, एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवावी आणि खाली एक माणूस उभा ठेवावा. पत्र्याखालील रिपांमधील अंतर सहा मिलिमीटरच्या पत्र्यासाठी १.४ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. खर्च वाचवण्यासाठी मधली एक रीप गाळली की तोच पत्रा घातक ठरतो.

बांबूच्या चटईचा पत्रा आपल्याकडे कमी जणांनी पाहिला असेल. बंगळुरूची प्लायवूड उद्योग संशोधन संस्था आणि केंद्राची बांधकाम साहित्याला चालना देणारी परिषद यांनी मिळून हे तंत्र विकसित केले. बांबूच्या विणलेल्या चटया फिनॉल जातीच्या राळेत बुडवून, एकावर एक ठेवून, गरम दाबयंत्रात पन्हाळीच्या आकारात दाबतात. २००४ मध्ये त्याचे भारतीय मानकही निघाले. हा पत्रा सिमेंटच्या पत्र्यासारखा ठिसूळ नाही, उन्हात कमी तापतो आणि त्याखालची पडवी दुपारीही बसण्याजोगी राहते. कापलेल्या कडा मात्र उघड्या ठेवू नयेत. तेथून पाणी शिरून थर सुटतात, म्हणून प्रत्येक कडेला आणि भोकाला राळ किंवा चांगला तेलरंग द्यावा. अडचण उपलब्धतेची आहे, तो गावोगावच्या दुकानांत मिळत नाही. बांबू लागवड करणाऱ्या आपल्या मंडळींनी या वस्तूकडे लक्ष द्यावे. बांबू नुसता काठीने विकण्यापेक्षा त्याची चटई विकण्यात जास्त पैसा आहे.

भुसा आणि प्लॅस्टिकची फळी

आता ज्या वस्तूची सध्या सर्वांत अधिक विचारणा होते तिच्याकडे येतो. दुकानात तिला डब्ल्यूपीसी म्हणतात. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून साच्यातून ओढलेली ही फळी. काही ठिकाणी भुशाऐवजी भाताचे तूस वापरतात. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते, तेव्हा त्याला बाजार मिळाला तर आपल्यालाच फायदा. अमेरिकेत १९९० च्या दशकात घरापुढील लाकडी ओट्यांसाठी अशा फळ्यांचा मोठा प्रसार झाला. तेथील अनुभव असा की पहिल्या पिढीतील फळ्यांवर काळे डाग पडले, बुरशी आली, कारण भुसा सगळीकडे प्लॅस्टिकने झाकला जात नव्हता. पुढे फळीला वरून प्लॅस्टिकचे अखंड आवरण देण्याची पद्धत आली. कोकणातील चार महिन्यांची ओल लक्षात घेता ओट्यासाठी आवरणाचीच फळी घ्यावी.

परंतु डब्ल्यूपीसी या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक जड, पॉलिथिन जातीच्या प्लॅस्टिकची, पाय ठेवण्यासाठी केलेली फळी. दुसरी फेस आणलेल्या पीव्हीसीचा हलका तक्ता, जो न्हाणीघराच्या दारांसाठी आणि कपाटांसाठी चांगला. हा हलका तक्ता उघड्या पडवीत, उन्हात आणि पायाखाली वापरला की पिवळा पडतो, मऊ होतो, वाकतो. ओळखायचे कसे? आपल्या घरचा काटा आहेच. तक्ता ८ फूट बाय ४ फूट, जाडी १८ मिलिमीटर असेल आणि घनता ०.६ असेल तर वजन सुमारे ३२ किलो भरते. त्याच मापाचा तक्ता २५ किलो भरला तर त्यात प्लॅस्टिकपेक्षा हवा जास्त आहे असे समजावे. त्याला स्क्रूही धरत नाही. ओट्याची खरी फळी पाण्यात टाकली तर बुडते. पोकळ फळी मिळते तिचा तुकडा कापून पाहावा. दुकानदाराकडे नमुन्याचा तुकडा मागायला संकोच करू नये. बियाणे घेताना आपण मूठभर हातावर घेतोच की.

या फळीला वाळवी सहसा लागत नाही, हे खरे. आंब्याची किंवा हलक्या जातीची फळी दोन पावसांत संपते, ही टिकते. पण ती लाकूड नाही. लाकूड वजन घेऊन थोडे वाकते आणि वजन काढले की सरळ होते. प्लॅस्टिक सतत वजनाखाली हळूहळू वाकत जाते आणि वाकलेलेच राहते. म्हणून या फळीचे खांब, तुळया, वासे करू नयेत. ती अंगावर घालायचा कपडा आहे, हाड नव्हे. हाडे सागाची, किंजळीची, जांभ्याची किंवा लोखंडाची असू द्यावीत. फळीखालचे आडवे आधार एक फूट, फार तर सव्वा फूट अंतरावर घ्यावेत. भजनाला माणसे बसतात त्या ठिकाणी तर एक फुटापेक्षा जास्त नकोच. खताची पोती एकाच जागी सहा महिने थप्पी लावून ठेवायची असतील तर ती जागा फरशीचीच ठेवावी.

दुसरी बाब उन्हाने वाढण्याची. पहाटेचा गारठा आणि दुपारी तापलेला पृष्ठभाग यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने तीन मीटरची फळी सुमारे ४ ते ५ मिलिमीटर वाढते. फळ्या टोकाला टोक भिडवून बसवल्या तर त्या वाढायला जागा न मिळून मधोमध फुगतात. सुतार मंडळींना लाकडाची सवय. लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ते फळ्यांमध्ये बाजूने फट ठेवतात आणि टोके घट्ट भिडवतात. येथे टोकालाही पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी, आणि भिंतीपाशी तर नक्कीच. स्क्रूसाठी आधी भोक पाडून घ्यावे. समुद्रापासून जवळच्या गावांत स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत, साध्या स्क्रूच्या गंजाचे ओघळ फळीवरून निघत नाहीत.

तिसरी बाब पायाची. काळसर रंगाची फळी एप्रिल-मेच्या उन्हात इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही. आपण सारवलेल्या जमिनीवर वाढलेली माणसे, चपला पायरीखाली काढतो. छपराखालच्या भागातच ही फळी घालावी, उघड्या खळ्यात घालू नये, आणि रंग फिका घ्यावा.

कापताना निघालेले तुकडे आणि भुसा यांची विल्हेवाट नीट लावावी. हे तुकडे जळाऊ लाकडासारखे दिसतात, म्हणून न्हाणीच्या चुलीत किंवा राबात टाकले जातात. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो त्यात आम्ल असते, ते डोळ्यांना आणि छातीला अपायकारक आहे. रोपवाटिकेच्या मातीत तर हे मुळीच नको.

येथेच एक इशारा देतो. मुंबईहून गणपतीला येणारे आपले चाकरमानी बांधव हौसेने पडवीच्या दर्शनी भागाला चकचकीत ॲल्युमिनियमचा तक्ता लावून देतात. वरखाली ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा आणि मध्ये प्लॅस्टिक, अशी त्याची रचना असते. मधले प्लॅस्टिक पॉलिथिनचे असले तर ते पेट घेते. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल नावाच्या उंच इमारतीला लागलेली आग अशाच आवरणामुळे वर चढत गेली आणि तीत ७२ माणसे मेली. आपले घर उंच नाही, पण पडवीत समई असते, दिवाळीच्या पणत्या असतात, शेजारी पेंढ्याची उडवी असते. माझ्या दृष्टीने हा खर्च टाळावा. मागितलेच तर आग न धरणाऱ्या गाभ्याचा तक्ता मागावा.

गवंड्याच्या हातातले संमिश्र

या सर्व नव्या वस्तूंत एक जुनी वस्तू मागे पडली आहे, ती फेरोसिमेंट. १८४८ मध्ये फ्रान्समधील लाम्बो याने तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून होडी केली, तेव्हापासून हे तंत्र आहे. त्यासाठी कारखाना लागत नाही. कोंबडीच्या खुराड्याला लावतो ती जाळी, वेल्ड केलेली जाळी, सिमेंट, वाळू आणि शिकण्याची तयारी असलेला गवंडी एवढे पुरे. पडवीचा कठडा, बसायचा बाक, पागोळ्यांचे पाणी नेणारी पन्हळ आणि ते पाणी साठवायची टाकी, हे सर्व २० ते २५ मिलिमीटर जाडीत होते. विटेच्या चार-साडेचार इंची भिंतीपेक्षा जागा कमी लागते.

कृती थोडक्यात अशी. मध्ये वेल्डमेश आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक जाळीचे दोन-दोन थर तारेने घट्ट बांधावेत. जाळी जस्ताचा मुलामा दिलेलीच घ्यावी. सिमेंट व वाळूचे वजनी प्रमाण एकास दोन. पन्नास किलोच्या एका पोत्याला पाणी २० ते २२ लिटरच. येथे गवंडी हमखास पाणी वाढवतो, कारण पातळ माल लिंपायला सोपा जातो. पाणी वाढले की ते सुकल्यावर मालात छिद्रे राहतात, त्यांतून ओल जाळीपर्यंत पोहोचते आणि एवढ्या पातळ भिंतीत जाळी गंजली की काहीच उरत नाही. माल एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूने बाहेर आला पाहिजे, आत पोकळी राहता कामा नये. जाळीवर दोन्हीकडून किमान पाच मिलिमीटर माल असावा. नंतर गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारावे. समुद्रकिनाऱ्याची वाळू वापरू नये. ती फुकट मिळते, पण तिच्यातील मीठ जाळी खाऊन टाकते.

घरच्या गवंड्याच्या हातून, गावातल्या गावात पैसा ठेवून होणारे हे काम आहे, म्हणून मला ते अधिक भावते. पहिला प्रयोग मात्र बाकावर करावा, टाकीवर नको.

झडीचा उपाय सांगायचा राहिला. पूर्वी नारळाच्या चुडतांचे झाप विणून मृगापूर्वी पडवीला बांधत आणि दसऱ्यानंतर काढून ठेवत. अनेकांनी आता तेथे फायबरचे पत्रे कायमचे ठोकले आहेत. त्यामुळे झड थांबते, पण हवाही थांबते. सुपारीला बुरशी येते, काजू बीला ओल धरते आणि वादळात वाऱ्याला ढकलायला मोठा पडदा मिळतो. तेव्हा फायबरचे किंवा बांबूच्या चटईचे तक्ते चौकटीत बसवून झापासारखेच काढता-घालता येतील असे करावेत. चौकटी बिजागरीवर टांगून वरच्या बाजूला एक वीतभर जागा उघडी ठेवली तर दमट हवा निघून जाते. चक्रीवादळाची सूचना मिळाली की त्या उतरवून घरात घ्याव्यात. आणि झाप विणणारे हात घरात असतील तर झापही काही वाईट नाहीत. नारळाची झावळी नाहीतरी आपण जाळतोच.

दरांविषयी मी बोललो नाही, कारण ते गावागणिक वेगळे असतात. पण दर विचारताना पत्र्याचा किंवा फळीचा एकटा दर विचारू नये. आधार, स्क्रू, पट्ट्या आणि मजुरी धरून एका चौरस फुटाला काय पडते ते लिहून मागावे, आणि हमीपत्रात पिवळेपणा, वाकणे व गळती यांपैकी कशाची हमी आहे हे वाचावे. पावती जपून ठेवावी.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीत विचारले आहे की घरावर वीस वर्षांपूर्वीचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत, ते काढावेत काय. पत्रे अखंड असतील आणि भुगा पडत नसेल तर घाईने काढू नयेत. त्यांना ब्रश न मारता, पाण्याने भिजवून, सुकल्यावर रंगाचा थर द्यावा. तडकलेले असतील तर काढावेत. काढताना ते चांगले ओले करावेत, बोल्ट कापून पत्रा अखंड खाली उतरवावा, वरून फेकू नये, आणि घरातील मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. कपडे वेगळे धुवावेत. उतरवलेल्या पत्र्यांचे तुकडे करून बांधावर, गोठ्यात किंवा वाटेवरच्या खड्ड्यात टाकू नयेत. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका जागी ठेवावेत आणि विल्हेवाटीबाबत ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. त्या लिहितात, नवीन फळीच्या ओट्यावर सारवण करता येईल का? नाही, ते धरणार नाही, पोपडे निघतील. ज्यांना सारवलेली पडवी हवी आहे त्यांनी छपरापुरतेच नवे साहित्य वापरावे आणि जमीन मातीचीच ठेवावी. दोन्हींचे एकमेकांशी काही वैर नाही.

मंडपाबाहेर डाव्या हाताला टेबलावर सर्व नमुने मांडले आहेत. जड आणि हलकी फळी शेजारी शेजारी ठेवली आहे, पाण्याची बादली आणि काटाही आहे. बांबूच्या चटईच्या पत्र्याचा एक तुकडा आहे. फेरोसिमेंटच्या बाकाचे काम दुपारी तीन वाजता प्रत्यक्ष करून दाखवले जाईल. ज्यांच्या गावचे गवंडी सोबत आले असतील त्यांनी त्यांना अवश्य पुढे बसवावे.